चेहऱ्याशेजारच्या ओळी

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे, त्याला आता एकतीस वर्षं झाली. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, त्यामुळे माझ्याकडे दोनच कामं उरलीत. अर्जावर चिकटवायचे छोटे फोटो आणि गेलेल्या माणसांचे मोठे फोटो. धाकटा भाऊ देवळात पूजेला असतो आणि गोपाळ दुकानात माश्या मारत बसतो, असं आमच्या घरात म्हणतात. म्हणोत बापडे. मला लिहायचंय ते संध्याबद्दल, आणि तिला विचारूनच लिहितोय.

संध्या ही जळबा खिल्लारे यांची एकुलती एक लेक. जळबा मिस्त्री म्हटलं की सेनगाव तालुक्यातल्या निम्म्या गावांत लोक ओळखतात, कारण त्यांनी बांधलेली एखादी तरी भिंत तिथे उभी असते. माझ्या स्टुडिओची मागची भिंत त्यांचीच. ती बांधताना आमचं चांगलं भांडण झालं होतं. कमरेइतकं काम वर आलं आणि जळबांनी खिशातली दोरी काढून धरली, तर दोन थर बोटभर बाहेर गेलेले. लगेच पाडायला लागले. मी म्हटलं, अहो मिस्त्री, वरून प्लास्टर होणार आहे, कुणाला दिसतंय? त्यावर म्हणाले, "लोकाला न्हाई दिसत गोपाळराव, पण मला ठावं राहीन ना." दोन थर उतरवले, पुन्हा चढवले, आणि त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. असा माणूस.

लेक बापावर गेली. हिंगोलीला राहून कॉम्प्युटरचं शिकली, मग पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करायला लागली. घरी नेट धड चालत नसे, वीजही जायची. माझ्या दुकानात इन्व्हर्टर आहे, तारेचं नेट आहे आणि गिऱ्हाईक नाही. तेव्हा त्या मागच्या भिंतीला टेबल लावून ती बसायला लागली. काय काम करतेस, विचारलं तर म्हणाली, वेबसाइटची पानं लावते, फ्लेक्सबॉक्सनं. आमच्याकडे फ्लेक्स म्हणजे चौकात लावतात तो वाढदिवसाचा बॅनर. मी आठवडाभर लोकांना सांगत होतो की पोरगी बॅनर बनवते, आणि दोघं तर ऑर्डर द्यायलाही आले. ती खूप हसली होती. तेव्हा हसायची.

नंतर एकदा तिने मला नीट समजावून सांगितलं. पानावर जे जे दिसतं, फोटो, मजकूर, बटण, ते सगळं चौकटींमध्ये असतं. त्या चौकटी एका मोठ्या चौकटीत ठेवायच्या आणि त्या मोठ्या चौकटीला हुकूम द्यायचा की यांना एका रांगेत उभं कर, मधे इतकी जागा सोड, जागा पुरली नाही तर उरलेल्यांना खालच्या रांगेत घे. म्हणजे तेच पान लॅपटॉपवरही नीट दिसतं आणि बोटभर मोबाईलवरही.

"म्हणजे लग्नातला ग्रुप फोटोच की," मी म्हटलं. "त्यात उंच आत्या आणि बुटका मामा शेजारी आले की माझी पंचाईत होते."

"तेच काका. त्याच्यासाठी पण हुकूम हाय. डोकी एका ओळीत पाह्यजेत का पाय, का सगळ्यांचा मध्य, ते सांगायचं. अलाइन-आयटम्स म्हणतात."

"आणि काहीच नाही सांगितलं तर?"

"तर ते सगळ्यांना सारखं उंच करतं. बुटक्याला ओढून लांबवतं."

"मग बुटक्याची सोयच झाली," मी म्हटलं. आम्ही दोघंही हसलो. हे बोलणं माझ्या डोक्यातून आता जात नाही.

तिची एक सवय होती. कोणतंही पान तयार झालं की ते ती आपल्या मोठ्या फोनवर बघायची आणि मग जळबांच्या लहानशा जुन्या फोनवर बघायची. जळबा दुपारचा डबा घेऊन यायचे तेव्हा ती आधी फोन मागायची, मग डबा. त्या फोनची काच एका कोपऱ्यात तडकलेली, पडदा अरुंद. ती म्हणायची, आपल्या जिल्ह्यात असेच फोन जास्त आहेत, यावर नीट दिसलं तर कुठेही दिसेल. जळबा तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे. कळायचं काही नाही, पण एखादी चौकट खाली-वर झालेली त्यांच्या डोळ्यांना बरोबर दिसायची. "ते बग, तिसरं वर गेलं," म्हणायचे. आणि खरंच ते गेलेलं असायचं.

मग जळबा विसरायला लागले. आधी थापी कुठे ठेवली ते. मग कोणाचं काम चालू आहे ते. एकदा पुसेगावला बारा वर्षांपूर्वी बांधलेल्या घरासमोर जाऊन उभे राहिले आणि आतल्या बाईला म्हणाले, चला, माल कालवा, आज वरचा थर घ्यायचाय. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणार. संध्याला तेव्हाच पुण्याला बोलावलं होतं, ऑफिसात बसायला. ती गेली नाही. मी म्हटलं, जा की, आई आहे ना घरी. तर म्हणाली, "आई भाकरी घालीन काका, पण बाबा बाहेर पडले की त्यांच्या मागं कोण जाईन?" पुढची दोन वर्षं तीच गेली त्यांच्या मागे. काम सोडून, लॅपटॉप उघडा टाकून, चप्पलही न घालता.

मागच्या डिसेंबरात एका मंगळवारी ती आंघोळीला गेली तेवढ्यात जळबा घरातून निघाले. खिशात ओळंब्याची दोरी होती, फोन उशाशीच राहिला. जीपवाल्यांपैकी एकाने सांगितलं की मिस्त्री हिंगोलीच्या जीपमध्ये बसले होते, कामावर चाललोय म्हणाले. हिंगोलीत उतरल्यावर पुढे कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. पोलिसांत कळवलं, नातेवाईक बसस्टँडवर फिरले, दवाखाने बघून आले.

संध्या माझ्याकडे आली आणि मागच्या भिंतीशी बसून तिने एक पान तयार केलं. बांधकाम कामगारांच्या नोंदणीसाठी मी जळबांचा फोटो काढला होता, तो दिला. हनुवटी ताठ, पांढरा शर्ट, डोळे सरळ समोर. मी म्हटलं, पान कशाला, फोटो टाक ना सरळ व्हॉट्सॲपवर. पण तिला आठवत होतं की आपल्याच तालुक्यातल्या एका हरवलेल्या लेकराचा फोटो ते सापडल्यावरही दोन वर्षं फिरत होता, आणि त्याखालचा नंबर कधीचा बंद पडला होता. पानाची लिंक पाठवली की माहिती बदलता येते, जिथे दिसले तिथलं लगेच टाकता येतं, आणि ज्याने उघडलं त्याला ताजंच दिसतं. म्हणून तिने सगळ्यांना बजावलं, फोटो सुटा पाठवू नका, लिंकच पाठवा. विचार शहाणपणाचाच होता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

डाव्या हाताला फोटो, उजव्या हाताला पाच ओळी. नाव, वय, उंची, कधीपासून बेपत्ता, संपर्क. लॅपटॉपवर बघितलं, तिच्या फोनवर बघितलं, छान दिसत होतं. जळबांच्या फोनवर मात्र बघितलं नाही. तो फोन तिच्या आईच्या, जनकाबाईंच्या हातात होता. कुणी तरी मिस्त्रींना नंबर विचारील, त्यांना स्वतःचाच तेवढा आठवेल आणि यावर फोन येईल, या आशेवर ती माउली तो फोन दोन्ही हातांत धरून ओट्यावर बसली होती. चार्जिंगला लावला तरी हात सोडत नव्हती. संध्या मला नंतर म्हणाली, दोन वेळा गेले होते मागायला, पण आईच्या हातातून तो घेववला नाही.

आणि मग ओळी वाढायला लागल्या. आधी जनकाबाईंनी सांगितलं, डाव्या भुवईवर विटेचा कपचा लागल्याची खूण आहे, ते लिही. ते योग्यच होतं. मग म्हणाल्या, हे पण लिही की नावानं हाक मारली तर ओ देत नाहीत, मिस्त्री म्हणा. मग म्हणाल्या, भाकरी दुधात कुस्करून द्या म्हणावं, दात दुखतात. संध्याने तेही लिहिलं, कारण आईला नाही कसं म्हणणार? मग थोरल्या काकांचा फोन आला की संपर्कात फक्त तुझा नंबर कसा, घरात मोठी माणसं नाहीत का? त्यांचं नाव टाकलं. काकांचं टाकलं तर मामांचं हवं, एका मामांचं टाकलं तर दुसऱ्याचं हवं. आत्या सोजराबाई रडल्या की भावाच्या पानावर बहिणीचं नाव नाही. चुलतभावांची नावं आली, गल्लीतल्या मंडळाचं आलं. आपल्याकडे पत्रिकेत एक नाव राहिलं तर माणसं पाच-पाच वर्षं बोलत नाहीत, आणि ही सवय माणूस हरवल्यावरसुद्धा सुटत नाही. संध्या लॅपटॉपवरून एकेक ओळ घालत गेली, फोनवर परत बघायचं राहून गेलं. लॅपटॉपवर पान रुंद असतं, ओळी मावत होत्या, फोटोला काही होत नव्हतं.

शेवटची ओळ माझी. "फोटो सौजन्य : गोपाळ फोटो स्टुडिओ, गोरेगाव." मीच म्हटलं, सगळ्यांची नावं आलीत तर एवढंही टाक. तिने मान वर न करता टाकलं.

लिंक जिल्हाभर फिरली. मंगळवार गेला, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. फोन पुष्कळ आले, पण कुणी औंढ्याचा वेडा म्हातारा सांगायचा, कुणी नुसतीच चौकशी करायचा. संध्या तिकडे जाऊन यायची आणि परत टेबलाशी बसायची. शनिवारी सकाळी पोलिसांचा फोन आला. वारंगा फाट्याजवळ एका अर्धवट बांधलेल्या खोलीत एक माणूस मिळालाय, थंडीतापाने गेलाय असं दिसतं, खिशात दोरी आहे. थोरले काका आणि मामा गेले आणि जळबांना घेऊन आले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तोच फोटो मोठा करून, चौकट लावून मी त्यांच्या घरी घेऊन गेलो. पांढऱ्या चादरीवर ठेवला, फुलं वाहिली, मेणबत्ती लावली. बुद्धवंदना, त्रिशरण झालं. मंडपात शंभरेक माणसं असतील. तेवढ्यात एक आडदांड माणूस, डोक्याला रुमाल, चप्पल बाहेर काढून आत आला. वारंगा फाट्यावर त्याचं चहाचं हॉटेल, नाव धर्मसिंग. जळबा त्याच्याच हॉटेलामागच्या खोलीत मिळाले होते. चार दिवस त्यानेच त्यांना चहा-भाकरी दिली होती, स्वतःचा स्वेटर दिला होता. पोलिसांकडून पत्ता घेऊन तो एवढ्या लांबून आला होता.

तो हात जोडून पुढे गेला आणि फोटोपाशी थबकला. वाकून बघितलं. मग मागे वळून मोठ्याने म्हणाला, "हेच! अहो हेच बाबा होते! मग मोबाईलात ते कोण होतं?"

संध्या उठली. "कोणत्या मोबाईलात काका?"

"मला बी आलती ना लिंक. गुरवारीच आलती. मी उघडून ह्यांच्या तोंडाशी धरून बगितलं. न्हाई जुळलं. इचारलं बी, तुमी जळबा का? तर म्हणले, जळबा कामावर गेलाय. चेहराच जुळंना, तर कोणाला काहून तकलीफ द्यावी म्हणलं." तो परत फोटोकडे वळला. "दिवसभर मागं इटा रचून राहिले होते बाई. दोरी धरून. एक बी इट वाकडी न्हाई."

संध्याने त्याचा फोन मागितला. मी तिच्या शेजारीच होतो, त्यामुळे मलाही दिसलं. अरुंद पडद्याचा फोन, जळबांच्या फोनचा भाऊ शोभावा असा. धर्मसिंगला जवळचं दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी करून ठेवलेली. उजव्या हाताला आमच्या सगळ्यांची नावं, एकाखाली एक, एका ओळीत जेमतेम दोन शब्द, खाली खाली जात राहिलेली. आणि डाव्या हाताला, त्या नावांच्या उंचीइतका ओढलेला, जळबांचा चेहरा. कपाळ एवढं लांब, नाक एवढं लांब, बोट खाली सरकवत गेलं तेव्हा कुठे हनुवटी आली. तो माणूस मीही ओळखला नसता. त्याच चेहऱ्याचा फोटो मी काढला होता, तरी नसता ओळखला.

संध्याने फोन धर्मसिंगच्या हातात परत दिला आणि त्याच्या पायांना हात लावला. "तुमची काहीच चूक न्हाई काका. तुमी माझ्या बाबाला जेवू घातलं."

थोरल्या काकांनी विचारलं, हे काय झालं? चेहरा असा कसा? ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पान मी चुकीचं लावलं. फोटो ओढला जाऊ नये म्हणून एक हुकूम लिहावा लागतो. तो माझ्याकडून राहिला." एवढंच म्हणाली. काका म्हणाले, एवढं शिकून काय उपयोग झाला मग? सोजराबाई कपाळ बडवून घ्यायला लागल्या. कुणी तरी मागून म्हणालं, बापापेक्षा लॅपटॉप प्यारा होता. जनकाबाई नुसत्या लेकीकडे बघत राहिल्या.

मला सगळं माहीत होतं. पाचच ओळी असताना चेहरा ठीक होता, हे माहीत होतं. तो आमच्या नावांनी लांबला, काकांच्या, मामांच्या, आत्याच्या आणि माझ्या. त्या मंडपात मी उठून हे सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. चौकटीला लागलेली धूळ रुमालाने पुसत बसलो. एवढा भेकडपणा मी आयुष्यात दुसरा कधी केला नसेल, आणि त्याची मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, तू खरं का नाही सांगितलंस?

"काय सांगू काका? आईला सांगू, तुझ्या भाकरीच्या ओळीनं झालं म्हणून? ती जगंल का?" मग भिंतीकडे बघून म्हणाली, "अन् चूक माझीच हाय. लोक तर नावं सांगणारच. किती बी ओळी आल्या तरी फोटो सरळ राह्यला पाह्यजे, हे बघणं माझं काम. बाबानं दोन थर पाडून परत चढवले असते."

महिनाभर तिने लॅपटॉप उघडला नाही. पुण्याचं काम सुटलं. मी रोज टेबल पुसून ठेवायचो. फेब्रुवारीत एका सकाळी ती आली, पदराआडून काहीतरी सांभाळून आणावं तसा तो तडकलेल्या काचेचा फोन घेऊन. जनकाबाईंनी स्वतःहून दिला होता. "त्यांचा हाय, तुझ्या कामाला लागतो ना, ने," म्हणाल्या म्हणे. जनकाबाईंना नक्की काय कळलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

आता संध्या तालुक्यातल्या शाळांची, बचत गटांची पानं लावते. प्रत्येक पान त्या फोनवर बघते, अक्षरं मोठ्यात मोठी करून बघते, मग खोटा मजकूर घालून शंभर ओळी करते आणि पुन्हा बघते. गिऱ्हाईक घाई करतं, म्हणतं चांगलं दिसतंय की ताई, कुणाला कळतंय? ती पान परत वरपासून बघायला लागते. हसणं फार कमी झालंय.

जळबांचं ते पान मात्र तिने काढून टाकलेलं नाही. वर 'बेपत्ता' होतं तिथे आता जन्म आणि मृत्यूची तारीख आहे, बाकी सगळं तसंच. परवा ती चहा घ्यायला उठली होती, टेबलावर जळबांचा फोन होता आणि त्यावर ते पान उघडंच होतं. मी तो हातात घेतला. डाव्या बाजूला जळबा, हनुवटी ताठ, डोळे सरळ, जसे माझ्या कॅमेऱ्यासमोर बसले होते अगदी तसे. उजव्या बाजूला ओळी, खाली खाली जाणाऱ्या. खूण, मिस्त्री म्हणा, भाकरी दुधात कुस्करून द्या, काका, मामा, आत्या. सगळ्यात शेवटी मी.

ती परत आली तेव्हा मी फोन तिच्यापुढे धरला. म्हटलं, "संध्या, पोरी, माझी ती ओळ तेवढी काढून टाक."

तिने फोन माझ्या हातातून घेतला, काच ओढणीने पुसली.

"राहू द्या काका," म्हणाली. "आता कितीबी ओळी असू द्या, बाबाचा चेहरा लांबत न्हाई."